साथीच्या काळात कारखाना-ऑफिसची राखण: आराखड्यात नक्की काय असावं?

आराखडेकर

चाकणसारख्या एमआयडीसीतलं एखादं मध्यम युनिट डोळ्यांसमोर धरा. तीन पाळ्यांत साडेतीनशे कामगार, ऑफिसात ऐंशी जण, दोन गेटं, सुरक्षारक्षकांच्या पाच पोस्ट. अशा बहुतेक ठिकाणी २०२० मध्ये घाईघाईत 'कोविड आराखडा' लिहिला गेला आणि तो अजून तसाच फायलीत पडून आहे. सॅनिटायझर किती लिटर, थर्मल गन किती, दोन माणसांत किती फूट, हे सगळं त्यात सापडतं. चोरी, घुसखोरी, सायबर हल्ला, बंद प्लांटची राखण यांवर एक ओळ नसते.

माझं मत असं की साथीत धोका बाहेरून कमी येतो, आपण दिलेल्या सवलतींतून जास्त येतो. बोटाचा ठसा बंद, ओळखपत्र हातात घ्यायचं नाही, कॉम्प्युटर घरी न्या, पासवर्ड फोनवर बदलून घ्या. त्या त्या वेळी सवलत रास्तच असते. केंद्र सरकारनेही ६ मार्च २०२० च्या आदेशाने आपल्या कर्मचाऱ्यांची बायोमेट्रिक हजेरी थांबवली होती. पण सवलतीच्या बदल्यात काय बांधायचं आणि ती कधी मागे घ्यायची, हे कोणी लिहून ठेवत नाही.

पुढच्या वेळेसाठी जाणकारांनी तपशिलात लिहावं. 'काळजी घ्या' छापाचे प्रतिसाद नकोत.

चहाबिस्किट

काळजी घ्या.

निवृत्त_हवालदार

सुरुवात माणसांपासून. पाच पोस्ट चोवीस तास म्हणजे आठ तासांच्या पाळीला १५ माणसं, साप्ताहिक सुट्टीचे रिलीव्हर धरून १८. तिन्ही पाळ्यांची माणसं एकाच केबिनमध्ये डबा खातात, एकच वॉकीटॉकी तोंडाशी धरतात. एक आजारी पडला की २०२० च्या नियमाने सगळेच १४ दिवस घरी. मग एजन्सी जी माणसं पाठवते त्यांना मागची भिंत कुठे आहे हेही ठाऊक नसतं.

त्यामुळे दोन तुकड्या करा, दहा-दहाच्या. एक तुकडी सात दिवस बारा तासांच्या पाळीने, पाच जण दिवसा आणि पाच जण रात्री. दुसरी त्या आठवड्यात घरी. एकूण माणसं २०, म्हणजे फक्त दोन जास्त. तुकड्यांची गाठ पडू द्यायची नाही. चार्ज नोंदवहीतून आणि फोनवर द्यायचा, किल्ल्या मोजून पेटीत ठेवायच्या. वॉकीटॉकी तुकडीगणिक वेगळे. जमत नसेल तर निदान बॅटरी आणि इअरपीस वेगळे.

कामगारनामा

हवालदारकाका, हिशेब बरोबर आहे, पण बारा तासांची पाळी लावली म्हणजे ओव्हरटाइम आला. 'साथ आहे, समजून घ्या' हे कायद्यात बसत नाही. गुजरात सरकारने एप्रिल २०२० मध्ये कारखान्यांना कामाचे तास आणि दुप्पट ओव्हरटाइम यांतून सूट देणारी अधिसूचना काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली. साथीमुळे कारखाना कायद्याच्या कलम ५ मधली 'सार्वजनिक आणीबाणी' होत नाही, असं त्या निकालात आहे. रक्षक एजन्सीचे असोत वा सरकारी सुरक्षा रक्षक मंडळाचे, जादा तासांचा दर आधीच करारात लिहून घ्या. ऐन वेळी घासाघीस झाली की पोस्ट रिकामी राहते.

फाटकसाहेब

आता गेट. इथे तीन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली, मास्क. रक्षक चेहरा बघत नाही, मास्क आहे का तेवढं बघतो. कॅमेऱ्यालाही अर्धाच चेहरा मिळतो. जमिनीवर पिवळा चौकोन आखा, रक्षकापासून दोन मीटरवर, डोक्याच्या उंचीच्या कॅमेऱ्यासमोर. येणाऱ्याने तिथे थांबून मास्क दोन सेकंद खाली करायचा, ओळखपत्र छातीशी धरायचं, मास्क वर करून पुढे जायचं. मध्ये काच किंवा ॲक्रिलिक असेल तर उत्तम. ओळखपत्राला हात लावायची गरजच पडत नाही.

दुसरी, पीपीई किट. पाठीवर पंप लावून पांढऱ्या किटमध्ये चौघं आले की गेट आपोआप उघडतं. त्यांना कोणी अडवत नाही आणि जवळही कोणी जात नाही, कारण सगळ्यांनाच लागण व्हायची भीती. फवारणीवाल्यांची नावं आणि गाडीचा नंबर आदल्या दिवशी ॲडमिनकडून गेटवर आलेच पाहिजेत. किट घालायच्या आधी चेहरा दाखवायचा, किट आतल्या खोलीत चढवायचं, पाठीवर मार्करने क्रमांक लिहायचा. आत पूर्ण वेळ एक माणूस सोबत. बाहेर पडताना पंप आणि पिशव्या उघडून बघायच्या.

तिसरी, पाहुण्यांची नोंदवही. पेन नको म्हणून रक्षकाने स्वतः लिहायला सुरुवात केली, तिथवर ठीक. पण नाव, मोबाईल, तापमान, 'खोकला आहे/नाही' असं पान उघडं टेबलावर पडलेलं असतं आणि मागचा माणूस आरामात वाचतो. एकाला एक चिठ्ठी, आणि ती पेटीत.

लालभडक

थर्मल गनचं पण लिहा की साहेब. सगळ्या जगाला ताप येत होता आणि आपल्या गेटवर प्रत्येकाला ९३ फॅरनहाइट. माणसं आत जात होती का पाली?

फाटकसाहेब

@लालभडक, त्यात रक्षकाचा दोष अर्धाच. बऱ्याच गनांना 'बॉडी' आणि 'सरफेस' असे दोन मोड असतात. सरफेस मोडवर कातडीचं नुसतं तापमान येतं, तेच ३३-३४ सेल्सिअस. शिवाय कपाळाऐवजी मनगट, ३ ते ५ सेंटीमीटरऐवजी हातभर लांबून, आणि गन एसी केबिनमधून काढून थेट उन्हात. गन वापरायच्या जागी आधी वीसेक मिनिटं ठेवावी लागते. उलटंही होतं: हेल्मेट काढून आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलंच असतं. त्याला सावलीत दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजा, मग परत पाठवायचा निर्णय घ्या.

निवृत्त_हवालदार

माझ्या मते ताप मोजणं हे रक्षकाचं काम असूच नये. त्याची नजर आकड्यावर गेली की हातावरून आणि पिशवीवरून उठते. पाळी बदलताना १२० माणसं वीस मिनिटांत आत घ्यायची, म्हणजे माणशी दहा सेकंद. त्यात गन, सॅनिटायझर, मास्क आणि ओळखपत्र, सगळं एकच माणूस बघणार असेल तर सुटणार ते ओळखपत्रच. गनसाठी एचआरचा किंवा फर्स्ट एडचा माणूस उभा करा. १५ एप्रिल २०२० च्या केंद्राच्या सूचनांत दोन पाळ्यांमध्ये एक तासाचं अंतर ठेवायला सांगितलं होतं. रोगासाठी होतं ते, पण गेटच्या दृष्टीने याहून चांगला नियम नाही.

लॉगिन_फेल

मशीनच लावा ना. फेस रेकग्निशन टर्मिनल, आत तापमानाचा सेन्सर, हात लावायचं काम नाही, रक्षकही मोकळा.

कुलूपकिल्ली

@लॉगिन_फेल, मास्क घातलेला चेहरा आणि २०२० च्या आधीचं अल्गोरिदम अशी जोडी असेल तर जपून. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने जुलै २०२० मध्ये तपासलं तेव्हा अशा अल्गोरिदमांची चूक मास्कवर ५ ते ५० टक्क्यांपर्यंत गेली होती. पुढची अल्गोरिदमं बरीच सुधारली, पण भिंतीवरच्या मशीनमध्ये कुठलं आहे ते विचारा. 'मास्क सपोर्ट आहे' याचा अर्थ कित्येकदा एवढाच असतो की मास्क आहे की नाही हे ते ओळखतं. रांग तुंबू लागली की इन्स्टॉलर जुळणीची मर्यादा खाली आणतो. मग भाऊ भावाच्या हजेरीवर आत.

ठसा बंद केल्यावर बहुतेकांनी कार्डं काढली, ती १२५ किलोहर्ट्झची साधी प्रॉक्सिमिटी. त्यांत एक उघडा क्रमांक असतो, बाकी काही नाही. स्वस्त कॉपियरने मिनिटभरात दुसरं कार्ड तयार. सोसायटीची कार्डं किल्लीवाल्याकडे बनवून मिळतात, ती हीच. गेटला चालतील, कारण समोर माणूस आहे. स्टोअर, सर्व्हर रूम आणि क्यूए (माल तपासणीच्या) लॅबला कार्ड अधिक पिन, किंवा डेसफायर जातीचं एन्क्रिप्शनवालं कार्ड. रीडर बदलावे लागतात, खर्च तिथे आहे.

अजून एक: हवा खेळती राहावी आणि हँडलला हात लागू नये म्हणून दरवाजे वीट लावून उघडे ठेवतात. सर्व्हर रूमचा कधीही नाही. बाकीच्यांना कोपराने दाबायचं बटण बसवा.

आग्या_वेताळ

कुलूपकिल्लींनी दरवाज्याचा विषय काढला म्हणून. सगळ्यांना एकाच गेटने, तपासणी करून घ्यायचं म्हणून बाकीचे दरवाजे साखळी-कुलपाने बंद करतात. राखणीच्या दृष्टीने सोय, पण आग लागली तर तोच सापळा. बाहेरून बंद आणि आतून दाबताच उघडणारा पॅनिक बार लावा, उघडल्यावर कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजेल असा. साखळी लावायची नाही म्हणजे नाही.

सॅनिटायझरचे कॅन गेटच्या केबिनमध्ये हीटरशेजारी किंवा डीजीच्या (डिझेल जनरेटरच्या) खोलीत ठेवू नका. सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल आहे ते, आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानालाही पेट घेईल इतकी वाफ देतं. केबिनमध्ये दिवसापुरतं पाच लिटर, बाकीचं ज्वलनशील द्रवांच्या गोदामात.

आणि फवारणी! हायपोक्लोराइट (जंतुनाशक ब्लीच) १ टक्का फरशीला. पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग त्यात चार भाग पाणी. पॅनेल, कार्ड रीडर आणि सर्व्हरवर ते मारलं की महिन्याभरात संपर्कबिंदू हिरवे पडतात. तिथे कापडावर अल्कोहोल घ्या आणि वीज बंद करून पुसा. माणसांवर फवारू नका, असं आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं. तरी गेटवर फवारणीचे बोगदे उभे राहिलेच.

मुक्ताफळे

बोगद्यातून गेल्यावर माणूस निर्जंतुक होतो की नाही माहीत नाही, पण शर्ट नक्की पांढरा होतो.

डीजी_सेट

बंद प्लांटबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून ती लागूही झाली. व्यवस्थित बंद करायला हातात तास होते, दिवस नव्हते. म्हणून 'चार तासांत बंद' अशी यादी तयार हवी.

चोराला काय हवं असतं ते आधी बघा. तांब्याच्या केबलचे तुकडे, अर्थिंगची पट्टी, डीजीची बॅटरी, टाकीतलं डिझेल आणि फायर हायड्रंटच्या पेट्यांतली गनमेटलची नोझलं व कपलिंगं. हायड्रंटचा माल भंगारात किलोवर जातो आणि गेलेला कळतो तो आग लागल्यावरच. पण चोरी टाळायला नोझलं उचलून स्टोअरमध्ये बंद करू नका. पेटीला सील लावा, सीलचा नंबर नोंदवा, रोजच्या फेरीत सील बघा.

सीसीटीव्हीचा हिशेब पाटीवर लिहून ठेवा. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा २ एमबीपीएसने दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो. सोळा कॅमेरे म्हणजे रोज ३४५ जीबी. चार टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. पहिली टाळेबंदी २१ दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी चोरी झाली आणि बाविसाव्या दिवशी स्टोअर उघडलं, तर रेकॉर्डिंग गेलेलं. एच.२६५ वर (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) जागा अर्ध्यावर येते. आतल्या कॅमेऱ्यांना मोशन रेकॉर्डिंग, भिंतीच्या आणि गेटच्या कॅमेऱ्यांना सलग. डीव्हीआरचं (रेकॉर्डिंगच्या डब्याचं) घड्याळ एनटीपीवर, म्हणजे नेटवरून आपोआप जुळणारं, हवं, नाहीतर लाइट जाऊन आल्यावर फुटेजवर भलतीच तारीख येते आणि पोलिसांना दाखवताना पंचाईत.

आठवड्यातून एकदा डीजी लोडवर वीस मिनिटं आणि डिझेल फायर पंप तेवढाच. नुसता स्टार्ट करून बंद केला तर बॅटरी भरतच नाही.

पाहुणा_पाव्हणा

हे सगळं सेफ्टीचं झालं ना? आराखडेकरांचा प्रश्न राखणीचा होता.

डीजी_सेट

बंद प्लांटमध्ये रात्री तीन वाजता आत असतो फक्त रक्षक. तेव्हा ही वाटणी कागदावरच राहते. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे एलजी पॉलिमर्समध्ये स्टायरीनची (प्लास्टिक बनवायच्या रसायनाची) गळती झाली, बारा माणसं गेली. टाळेबंदीत साठून राहिलेल्या टाकीत तापमान चढलं आणि स्टायरीनचं पॉलिमरायझेशन (रेणू एकमेकांना जुळत जाऊन आणखी उष्णता सोडणारी प्रक्रिया) सुरू झालं, तेही पहाटे तीनच्या सुमारास. टाकीचं तापमान, वास, भोंग्याचं बटण आणि कोणाला उठवायचं, हे गेटवरच्या माणसाला माहीत पाहिजे. दर दोन तासांच्या फेरीत जे आकडे वाचायचे त्यांची पाटी प्रत्येक मीटरखाली लावा: 'इतक्याच्या वर गेला तर या नंबरवर फोन'. त्या गळतीनंतर दोनच दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने कारखाने पुन्हा सुरू करण्याच्या सूचना काढल्या. त्यांत पहिला आठवडा चाचणीचा धरा, उत्पादनाच्या उद्दिष्टामागे लागू नका, असं होतं.

पाहुणा_पाव्हणा

पटलं.

पॅचमंगळवार

आता घरून काम. इथे लोक व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) घेतलं की झालं समजतात. खरी गडबड कुठे होते ते सांगतो.

डोमेनचा, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कचा, पासवर्ड ४५ किंवा ९० दिवसांनी संपतो. माणूस घरी, लॅपटॉप जुन्या साठवलेल्या पासवर्डवर उघडतो, पण व्हीपीएन लागत नाही. व्हीपीएन नाही म्हणून पासवर्ड बदलता येत नाही. मग हेल्पडेस्कला फोन. असे दिवसाला पन्नास फोन आले की हेल्पडेस्कवाला 'कर्मचारी क्रमांक सांगा' एवढ्यावर पासवर्ड देऊन मोकळा होतो. चोराला हेच हवं असतं. उलट बाजूनेही तेच. १५ जुलै २०२० ला ट्विटरवर जो हल्ला झाला, त्यात हल्लेखोरांनी घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना फोन करून 'आयटीतून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनची तक्रार आहे' असं सांगितलं आणि बनावट लॉगिन पानावर नेलं. ओटीपीसुद्धा त्याच पानावर टाकून घेतले. म्हणजे ओटीपी असला तरी सुटका नाही. ॲडमिन, पेरोल आणि बँक एवढ्यांना तरी यूएसबीला लावायची फिडो की (लॉगिनची सुरक्षा किल्ली) द्या, ती खोट्या पत्त्यावर चालतच नाही.

हेल्पडेस्कचा नियम: आलेल्या फोनवर पासवर्ड द्यायचा नाही. फोन ठेवायचा, एचआरच्या यादीतल्या नंबरवर आपण लावायचा, शंका असेल तर व्हिडिओवर ओळखपत्र बघायचं. घाई असणाऱ्या साहेबांसाठी वेगळा नियम नाही, उलट त्यांच्यासाठी जास्त कडक.

दुसरं, अपडेट. ते ऑफिसातल्या सर्व्हरवरून यायचे. लॅपटॉप घरी गेला की महिनोन्महिने एकही पॅच नाही. थेट इंटरनेटवरून अपडेट घ्यायची सेटिंग आधीच तयार ठेवा. तिसरं, कोणीतरी 'दोनच दिवस' म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं) उघडून ऑफिसचा पीसी थेट बाहेर दाखवतो. ते पोर्ट स्कॅनरला सापडायला दोन दिवस लागत नाहीत. रॅन्समवेअरची (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची) ती नेहमीची वाट आहे.

स्टोअरबाबू

कॉम्प्युटर घरी जाताना आरजीपी करा हो! नेलेल्या मालाचा रिटर्नेबल गेट पास. सिरीयल नंबर, मॉनिटर, चार्जर, परत करायची तारीख. 'साहेबांनी सांगितलंय' यावर गाडीत भरलेला डेस्कटॉप नंतर ऑडिटला सापडत नाही. डेस्कटॉपच्या डिस्कला बहुधा बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) नसतो, तो लावल्याशिवाय गेट पासवर आयटीची सही नको. रिकव्हरी की त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर सेव्ह करणारे महाभागही आहेत.

लेखापाल

पैशांचं राहिलं. ऑफिस बंद म्हणून संचालकांचे डिजिटल सहीचे टोकन क्लार्ककडे, पिन टोकनवरच चिकटपट्टीने. बँकेचे ओटीपी येणारा मोबाईल दुसऱ्या क्लार्ककडे, आणि ते दोघे एकाच घरात भाड्याने राहणारे. झालं, 'दोघांची मंजुरी' संपली. टोकन आणि फोन कुठल्या दोन माणसांकडे जाणार, हे नावासकट आधीच ठरवा.

पुरवठादाराचा 'टाळेबंदीमुळे आमचं खातं बदललं' असा मेल आला तर त्या मेलमधल्या नंबरवर फोन करू नका, जुन्या पीओवरच्या (खरेदी ऑर्डरवरच्या) नंबरवर करा. रद्द केलेल्या चेकचा फोटो पुरावा नव्हे. एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव जुळवा आणि पहिलं बिल ४८ तास थांबवा.

देणग्यांचंही तसंच. पीएम केअर्सचा खरा यूपीआय आयडी pmcares@sbi असा लॅटिन अक्षरांत होता, आणि 'पीएमकेअर' असा एक 's' खाऊन केलेले बनावट पत्ते फिरत होते. जून २०२० मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनेही सरकारी वाटणाऱ्या पत्त्यावरून मोफत कोविड चाचणीचे फसवे मेल येतील असा इशारा दिला होता, त्यात मुंबईचंही नाव होतं.

आराखडेकर

मस्त माहिती जमली. मी एक 'सवलत नोंदवही' सुचवतो. रकाने असे: कुठला नियम सैल केला, का, बदल्यात काय लावलं, जबाबदार कोण, कधी संपणार. मुदत जास्तीत जास्त १५ दिवस, मग नव्याने सही.

निवृत्त_हवालदार

तिसऱ्या सहीनंतर कोणी वाचत नाही. शिक्का मारल्यासारखी सही होते.

पॅचमंगळवार

म्हणून मुदत वहीत नको, यंत्रात हवी. फायरवॉलचा नियम शेवटच्या तारखेसह टाकता येतो, तात्पुरत्या खात्याला संपायची तारीख देता येते, कार्ड सॉफ्टवेअरमध्ये 'व्हॅलिड टिल' असतं. मुदत संपली की आपोआप बंद. कोणाला हवं असेल तर तो ओरडत येईल, तेव्हा विचारू. कोणी ओरडलंच नाही तर ती सवलत नकोच होती.

कुलूपकिल्ली

अनुमोदन. पण पॅनिक बार आणि आगीच्या दरवाज्यांना हे लावू नका. तिथे आपोआप बंद होणारं काही नको.

फाटकसाहेब

गेटवर यंत्र नाही, तिथे पाटी. केबिनच्या आतल्या बाजूला खडूचा फळा: 'ओळखपत्र हातात न घेणे, अमुक तारखेपर्यंत'. तुकडी बदलताना नव्या तुकडीच्या प्रमुखाने मोठ्याने वाचायचा. आणि कामावरून कमी केलेल्यांची यादी त्याच दिवशी गेटवर. मास्कमध्ये जुना माणूस ओळखीच्या डोळ्यांनी आत जातो, त्याचं कार्ड चालू असेल तर प्रश्नच मिटला.

स्टोअरबाबू

एक शंका. ऑफिस सील झालं, तर ही नोंदवही आणि फोन नंबरांची यादी मिळणार कुठे?

डीजी_सेट

छापील प्रत दोन्ही गेटच्या केबिनमध्ये, सीलबंद लिफाफ्यात, सीलचा नंबर चार्ज वहीत. तिसरी प्लांट हेडच्या घरी. पासवर्ड त्यात नको, फक्त कोणाकडे आहेत ती नावं. नंबर दर तिमाहीत लावून बघा, निम्मे बदललेले असतात.

चहाबिस्किट

आणि त्या लिफाफ्यावर सॅनिटायझर मारू नका. बॉलपेनची शाई धुऊन जाते.